मराठी मजकुरासाठी स्वतःची मार्कअप भाषा: नियम ठरवायचे कसे

दिवाळी अंक, सोसायटीचं वार्तापत्र, ट्रेकिंग ग्रुपच्या नोंदी, संस्थेचा वार्षिक अहवाल. पुण्यात असलं काही ना काही काढणाऱ्यांची कमी नाही आणि सगळ्यांची अडचण एकच असते. मजकूर दहा ठिकाणांहून येतो: कुणी वर्डमध्ये पाठवतं, कुणी व्हॉट्सॲपवर, कुणी ईमेलमध्ये चिकटवून. तो एका साच्यात आणून अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याकडे आणि वेबसाइटवरही द्यायचा असतो. साधी टेक्स्ट फाइल आणि तिच्यात थोड्या खुणा, हा यावरचा सर्वांत टिकाऊ उपाय. अशा खुणा आणि त्यांचे नियम म्हणजेच मार्कअप भाषा. ते नियम कसे ठरवायचे, ते इथे सांगतो.

आधी एक सल्ला. मार्कडाउन या तयार मार्कअप भाषेने भागत असेल तर मार्कडाउनच वापरा. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ते काढलं आणि आज त्याला सगळीकडे आधार आहे. पण त्यांनी दिलं होतं ते वर्णन आणि एक पर्ल स्क्रिप्ट, म्हणजे पर्ल भाषेतला छोटा प्रोग्राम. काटेकोर व्याकरण नव्हतं. वर्णन जिथे गप्प होतं तिथे प्रत्येक प्रोग्रामरने आपापला अर्थ लावला. तो गोंधळ निस्तरण्यासाठी जॉन मॅकफार्लेन आणि इतरांनी २०१४ मध्ये कॉमनमार्क ही मार्कडाउनची काटेकोर नियमावली सुरू केली. त्यात फक्त ठळक-तिरप्या अक्षरांसाठी १७ नियम लिहावे लागले. खुणा निवडणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. वेळ जातो तो दोन खुणा एकमेकींना भिडतात तिथे, आणि खूण साध्या मजकुराला भिडते तिथे.

पहिली पायरी: ढीग जमवा

कागदावर एकही नियम लिहिण्याआधी तुमच्याकडे येणारा खरा मजकूर गोळा करा. गेल्या दोन-तीन अंकांच्या मूळ फाइली, दुरुस्त न केलेल्या. जुन्या बिगर-युनिकोड फाँटातलं काही असेल तर ते आधी युनिकोडमध्ये आणा. मग छोटी स्क्रिप्ट लिहून अक्षर, मात्रा आणि अंक सोडून उरलेलं प्रत्येक चिन्ह मोजा. नुसती संख्या नको; आजूबाजूची दहा-दहा अक्षरंही छापा. ओळीच्या सुरुवातीला येणारी चिन्हं वेगळी काढा.

या यादीतून जे दिसतं ते कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. एक नमुना घ्या. तिरप्या अक्षरांसाठी तिरकी रेघ घ्यावी, असं कुणालाही वाटेल, दिसायलाही छान. पण मराठीत किंमत अशी लिहितात:

    प्रवेशमूल्य रु. ५००/- ते ७००/- राहील.

दोन तिरक्या रेघांमधलं ‘- ते ७००’ तिरपं झालं आणि रेघा गायब. हिशोबाच्या पानावर तर हाहाकार. संयोगचिन्हाचंही तसंच. ‘आई-वडील’, ‘देणं-घेणं’ शब्दांच्या पोटात, आणि वाचकपत्राच्या शेवटी ‘- एक वाचक’ ओळीच्या सुरुवातीला. मार्कडाउनच्या नियमाने ही सही बुलेट होते. कथालेखक प्रसंग बदलताना तीन तारका टाकतात. कवी ओळीची सुरुवातच तीन टिंबांनी करतात. आणि आपली नावं! ‘स. प. महाविद्यालय’ ओळीच्या सुरुवातीला आलं आणि ‘एक अक्षर व पूर्णविराम म्हणजे यादीतला मुद्दा’ असा नियम असला, की कॉलेज यादीतला ‘स’ क्रमांकाचा मुद्दा होतं.

जे चिन्ह ढिगात वरचेवर आणि वेगवेगळ्या कामांसाठी दिसतं, ते तुमचं नाही. लेखकांनी ते आधीच घेतलेलं आहे.

दुसरी पायरी: बोटांना काय मिळतं ते पाहा

मार्कडाउनमधली जवळजवळ सगळी चिन्हं अमेरिकन कीबोर्डवर हाताशी असतात. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीवर नसतात. शिफ्ट धरून ३ ते ८ या कळा दाबल्या की अनुक्रमे ्र, र्, ज्ञ, त्र, क्ष, श्र येतात. म्हणजे हॅश आणि तारका गेल्या. चौकटी कंसांच्या जागी ड आणि नुक्ता, अंडरस्कोरच्या जागी विसर्ग, बरोबरच्या चिन्हाच्या जागी ृ, बॅकस्लॅशच्या जागी ॉ. अपूर्णविरामाच्या कळेवर च-छ बसलेत. काही ठिकाणी ऑल्ट-जीआर (उजवीकडची ऑल्ट कळ) दाबून तिसरा थर मिळतो, पण सत्तरीच्या लेखकाला तो शिकवायला जाऊ नका. भाषा न बदलता जे हमखास मिळतं ते एवढंच: पूर्णविराम, स्वल्पविराम, संयोगचिन्ह, गोल कंस आणि दंड.

फोनवर गूगलचा कीबोर्ड वापरणाऱ्यांना चिन्हांच्या पानावर जावं लागतं, पण तिथे सगळं मिळतं. शिवाय एक तारका सगळ्यांना माहीत आहे, कारण व्हॉट्सॲपवर ठळक करायला तीच लागते. हे शिक्षण फुकट झालेलं आहे, ते वाया घालवू नका.

यातून मी काढलेला निष्कर्ष: ज्या खुणांवाचून लेख उभाच राहत नाही (विभाग, यादी, कविता, तळटीप) त्या इनस्क्रिप्टवर भाषा न बदलता टाइप झाल्या पाहिजेत. ठळक अक्षरांसारख्या शोभेच्या गोष्टींना तारका चालेल. लेखकाने नाही टाकली तर संपादक टाकेल.

दुसरीकडची युक्ती उचलतानाही लिपी पाहावी. वॉर्ड कनिंगहॅम यांच्या १९९५ च्या पहिल्या विकीत दोन शब्द जोडून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं की दुवा व्हायचा. कल्पना सुरेख, पण देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाहीच, म्हणून आपल्याला निरुपयोगी.

तिसरी पायरी: आधी ओळी, मग ओळीच्या आतलं

वाचन दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत फक्त ओळींच्या सुरुवाती पाहून मजकुराचे तुकडे पाडायचे: परिच्छेद, विभाग, यादी, कविता. दुसऱ्या फेरीत प्रत्येक तुकड्याच्या आत ठळक, तळटीप वगैरे शोधायचं. पहिल्या फेरीचा निर्णय दुसरीने बदलायचा नाही. एवढं पाळलं तर अर्धी भांडणं मिटतात: एका परिच्छेदात उघडलेली तारका पुढच्या परिच्छेदात बंद होऊच शकत नाही.

ओळीच्या खुणेसाठी मी टिंब सुचवतो. ओळीची सुरुवात एका पूर्णविरामाने आणि लगेच, मध्ये जागा न सोडता, मराठी शब्द:

    .विभाग पानशेतचा पूर
    १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटलं आणि
    नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

    .कविता
    (इथल्या ओळी जशा लिहिल्या तशाच राहतील)
    ..

ही चाल नवी नाही. १९६४ च्या रनऑफ या मजकूर मांडणाऱ्या प्रोग्रामपासून युनिक्सच्या ट्रॉफपर्यंत ओळीच्या सुरुवातीचं टिंब म्हणजे आज्ञा, हा रिवाज आहे. आपल्याकडे तो जास्तच शोभतो. टिंब कुठल्याही कीबोर्डवर आहे, आणि पुढचा शब्द मराठी असल्याने लेखकाला काही पाठ करावं लागत नाही. ‘दोन हॅश म्हणजे उपशीर्षक’ हे कुणाच्या लक्षात राहतं?

आता हीच खूण ढिगावर घासून पाहा. ओळीची सुरुवात ‘...आणि मग’ अशी असेल तर पहिल्या टिंबानंतर अक्षर नाही, दुसरं टिंब आहे. नियम लागू नाही. ‘.५ टक्के’मध्ये टिंबानंतर अंक आहे, लागू नाही. ‘. त्यानंतर’ अशी घाईतली टायपिंगची चूक असेल तर मध्ये जागा आहे, लागू नाही. ‘.त्यानंतर’ मात्र सापळ्यात सापडतं, म्हणून दुसरी अट: टिंबानंतरचा शब्द तुमच्या ठरलेल्या यादीतला हवा. नसेल तर ओळ साध्या मजकुरासारखी छापा आणि संपादकाला इशारा द्या.

कवितेला शेवटची खूण (‘..’) लागतेच, कारण कडव्यांमध्ये रिकाम्या ओळी असतात. लेखक ती विसरणार हे गृहीत धरा. नियम असा: बंद न केलेली कविता पुढच्या ‘.विभाग’पाशी आपोआप संपते. नाहीतर एक विसरलेली खूण उरलेला अख्खा लेख कवितेत ढकलते.

परिच्छेदातली एकेरी नवी ओळ ठेवायची की जोडून टाकायची, यावर कितीही वाद घालता येतो. मी जोडतो, कारण ईमेलमधून आलेल्या मजकुरात ओळी कुठेही तुटलेल्या असतात, आणि ज्याला त्या राखायच्या आहेत त्याच्यासाठी ‘.कविता’ आहे. पत्ता, कार्यक्रमपत्रिका यांनाही तीच खूण चालते. मार्कडाउनमध्ये ओळ तोडायला ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्याव्या लागतात. न दिसणारी खूण कधीही ठेवू नका. छापील प्रुफावर ती तपासता येत नाही.

यादी

कॉमनमार्कमध्ये क्रमवार यादी फक्त इंग्रजी अंकांची होते, ‘१.’ लिहिलं तर तो साधा मजकूर. आपल्याला दोन्ही अंक चालले पाहिजेत. पण अंकापुढे पूर्णविराम नको. ‘फर्ग्युसन कॉलेजची स्थापना झाली ते साल १८८५.’ या वाक्यात ओळ नेमकी ‘साल’पाशी तुटली, तर पुढची ओळ ‘१८८५.’ने सुरू होते आणि यादीचा एक हजार आठशे पंच्याऐंशीवा मुद्दा जन्माला येतो. हा जुना, सगळ्यांना छळलेला प्रश्न आहे. कॉमनमार्कने त्यावर तोडगा काढला: परिच्छेद मध्येच तोडून यादी सुरू व्हायची असेल तर ती १ पासूनच हवी.

आपल्याला सोपी वाट आहे, कारण मराठीत मुद्दे लिहिताना कंस वापरायची सवय आहेच:

    १) नोंदणी
    २) जागा
    अ) उपमुद्दा
    -) क्रमांक नसलेला मुद्दा

नियम एकच: अंक, एक अक्षर किंवा संयोगचिन्ह, त्याला चिकटून बंद होणारा कंस, मग जागा. ‘स. प.’ सुटलं, ‘१८८५.’ सुटलं, ‘- एक वाचक’ही सुटलं. शेवटची खूण स्मायलीसारखी दिसते हे मान्य, पण सगळ्या याद्यांची ओळख एकच राहते हा फायदा मोठा. यादीच्या पहिल्या मुद्द्याआधी रिकामी ओळ सक्तीची करा, नाहीतर परिच्छेदातल्या ‘...मुद्दा (पान’ इथे ओळ तुटून पुढची ओळ ‘४) पाहा’ने सुरू झाली की घात होतो.

लेखकाने दिलेले क्रमांक बदलू नका. कॉमनमार्क पहिला आकडा घेतं आणि पुढचे स्वतः मोजतं. आपल्याकडे मजकुरात ‘मुद्दा ४ पाहा’ असं लिहिलेलं असतं आणि मधला एखादा मुद्दा संपादकाने मुद्दाम गाळलेला असतो.

चौथी पायरी: ठळक अक्षरं आणि विभक्तीचा प्रत्यय

हा भाग सावकाश वाचा. मराठीसाठी सर्वांत जास्त विचार इथेच लागतो.

इंग्रजीत शब्दानंतर जागा येते. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतो: ‘केसरी’त, ‘केसरी’ने, ‘केसरी’मधला. खुणा करायच्या असतात नावाला आणि प्रत्यय बाहेर ठेवायचा असतो. कॉमनमार्कमध्ये याचं काय होतं पाहा:

    *केसरी*त      चालतं
    _केसरी_त      चालत नाही
    *‘केसरी’*त    चालत नाही

अंडरस्कोर शब्दाच्या मध्ये चालायचा नाही असा तिथला नियम आहे, फाइलींच्या नावांत तो येतो म्हणून. त्यामुळे दुसरी ओळ पडते. तिसरीचं कारण वेगळं. बंद होणाऱ्या तारकेच्या आधी विरामचिन्ह असेल तर तिच्यानंतर जागा किंवा विरामचिन्हच यावं लागतं. इथे आधी अवतरणचिन्ह आहे आणि नंतर ‘त’. म्हणून ती तारका बंद होत नाही, दोन्ही तारका छापल्या जातात. मराठीत तर तिसरा नमुना पावलोपावली.

आपला नियम उलट्या टोकाने बांधा. उघडताना कडक, बंद करताना सैल:

उघडणारी तारका ओळीच्या सुरुवातीला, जागेनंतर किंवा उघडत्या कंस-अवतरणानंतरच. आणि तिच्यापुढे जागा नसावी. बंद होणाऱ्या तारकेच्या आधी जागा नसावी. नंतर काहीही चालेल.

‘५*३*२’ ठळक होत नाही, कारण पहिल्या तारकेआधी अंक आहे. तीन तारकांची प्रसंगरेषाही सुटते, फक्त ‘तारकेपुढे लगेच तारका आली तर ती खूण नव्हे’ एवढं जोडा. ‘महा*राष्ट्र*’ असं शब्दाच्या मध्येच सुरू होणारं ठळक मात्र करता येणार नाही. ही किंमत मला परवडते.

‘नंतर काहीही’ला एकच अपवाद. ‘*पुण*े’ असं आलं तर बंद तारकेनंतर मात्रा आहे. तिथे खूण मानली की मात्रा आपल्या अक्षरापासून तुटते आणि पानावर ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. म्हणून मात्रा, हलन्त, अनुस्वार यांच्याआधीची तारका ही खूण नाही.

हे नियम लिहिताना ‘अक्षर म्हणजे काय’ हे प्रोग्रामिंग भाषेवर सोडू नका. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रात) ‘शब्दातलं अक्षर’ या अर्थाचा बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ओळखतो. पायथनचा देवनागरी व्यंजनं ओळखतो, पण मात्रा ओळखत नाही. त्याला ‘पुणे’ दिलं की ‘प’ आणि ‘ण’ असे दोन शब्द परत मिळतात. अक्षर म्हणजे युनिकोडच्या वर्गवारीतलं अक्षर किंवा जोडचिन्ह, असं स्वतःच्या व्याख्येत स्पष्ट लिहा.

तिरपी अक्षरं मी मुळातच ठेवलेली नाहीत. देवनागरीत तिरप्या वळणाची स्वतंत्र परंपरा नाही. बहुतेक फाँट सरळ अक्षरच तिरकं करतात आणि ते वाईट दिसतं. एक चिन्ह वाचलं.

तळटीप आणि दुवे

तळटीप जागच्या जागी, दुहेरी गोल कंसात:

    भांडारकर संस्था ((स्थापना: ६ जुलै १९१७)) लॉ कॉलेज रस्त्यालगत आहे.

लेखकाला क्रमांक सांभाळावे लागत नाहीत आणि परिच्छेद हलवला तर टीपही सोबत हलते. टीपेच्या आत साधा कंस आला की ‘)))’ तयार होतं. तेव्हा आतल्या उघडलेल्या कंसांची मोजणी ठेवा; पहिला ‘)’ आतला कंस मिटवतो, उरलेले दोन टीप मिटवतात. परिच्छेद संपेपर्यंत टीप बंद झाली नाही तर कंस जसेच्या तसे छापा.

दुव्यांना खूणच नको. वेबपत्ता दिसला की दुवा करा, शेवटचा पूर्णविराम वा कंस बाहेर ठेवा आणि पहिल्या देवनागरी अक्षरापाशी थांबा, म्हणजे ‘...वर’ पत्त्यात जात नाही. देवनागरी पत्ते यामुळे अर्धे तुटतील. ते टक्केवारीच्या रूपात (अक्षरांऐवजी ‘%E0’ सारखे संकेत) चिकटवावेत.

पाचवी पायरी: दिसायला सारखं, आतून वेगळं

विसर्ग आणि अपूर्णविराम ही मराठीची खास डोकेदुखी. इनस्क्रिप्टवाले ‘लेखकः’ लिहितात कारण अपूर्णविराम मिळत नाही, आणि फोनवाले ‘स्वत:’ लिहितात कारण विसर्ग शोधायचा कंटाळा. म्हणून मजकुरात अपूर्णविरामाला काहीही अर्थ देऊ नका. फाइलीच्या डोक्यावरच्या माहितीत (लेखक, दिनांक, सदर) तो हवाच असेल, तर ठरलेल्या शब्दांपुरतं दोन्ही चालवा.

दुसरं, ‘ऱ्य’. ‘दऱ्या’मधला हा र दोन प्रकारे साठवला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक झेडडब्ल्यूजे. पडद्यावर फरक शून्य. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं तेच अक्षर एकसारखं करण्याची रीत) या दोघांना एक करत नाही. ते तुम्हाला करावं लागतं. विभागाच्या नावावरून अनुक्रमणिका किंवा आतले दुवे बनवणार असाल, तर तुलनेआधी एनएफसी करा, दुसरा प्रकार पहिल्यात बदला आणि उरलेले न दिसणारे जोडक काढा. हे फक्त तुलनेसाठी. छापायचा मजकूर लेखकाने दिला तसाच.

सहावी पायरी: खूण नको असेल तेव्हा

खूण मजकूर म्हणूनच छापायची असेल तर तिच्याआधी बॅकस्लॅश. इनस्क्रिप्टवर तो सहज मिळत नाही हे खरं, पण हे काम संपादकाचं. मोठ्या तुकड्यासाठी ‘.जसंच्यातसं’ आणि शेवटी ‘..’. ढिगातल्या लेखांना किती ठिकाणी बॅकस्लॅश लावावा लागतो ते मोजा. दर लेखात लागत असेल तर नियमाला डागडुजी करत बसू नका, ते चिन्हच बदला.

सातवी पायरी: नियम उदाहरणांनी लिहा

नियमाचं एक वाक्य आणि खाली जोड्या: हे दिलं तर हे मिळेल. कॉमनमार्कच्या नियमावलीत सहाशेहून अधिक अशी उदाहरणं आहेत आणि तीच चाचण्या म्हणून चालवली जातात. तुम्हाला ऐंशी-शंभर पुरतील. त्यांतली निम्मी ‘इथे खूण लागू होत नाही’ अशी हवीत. वर आलेली ‘५००/-’, ‘स. प.’, ‘*पुण*े’ ही सगळी तिथे जातात.

त्यांच्यासोबत एक चाचणी अशी ठेवा जी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पकडते. पहिल्या पायरीतला ढीग, एकही खूण न घालता, तुमच्या प्रोग्राममधून काढा. परिच्छेद जोडले जाण्यापलीकडे आणि लेखकांनी स्वतःहून लिहिलेल्या ‘१)’ याद्यांपलीकडे काहीही बदललं, तर तो बदल एक-एक करून पाहा.

प्रोग्रामने कुठलीही फाइल नाकारायची नाही. न कळलेलं जसंच्या तसं छापायचं आणि ओळ क्रमांकासह इशारा द्यायचा, तोही कामाच्या मराठीत: ‘ओळ ४२: “.कवता” ओळखलं नाही. “.कविता” म्हणायचं होतं का?’ अंक उद्या छापायला जायचा असताना ‘व्याकरण चुकले’ एवढंच सांगणारा प्रोग्राम कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही.

फाइलीच्या पहिल्या ओळीत नियमांची आवृत्ती लिहा, ‘.नियम १’ अशी. पुढच्या वर्षी कुणीतरी रेसिपीसाठी खूण मागेल, कुणी शब्दकोड्यासाठी. ‘.साहित्य’, ‘.कोडं’ असे शब्द यादीत घालत चला. जुन्या फाइलींना त्याने सहसा धक्का लागत नाही. नवं चिन्ह मागितलं तर आधी ढिगावर चालवून दाखवायला सांगा, आणि तरीही घ्यावंच लागलं तर आवृत्ती २ करा, म्हणजे आवृत्ती १ च्या फाइली जुन्याच नियमांनी वाचल्या जातील.